अल्लाहवरचं प्रेम आणि खरं इमान: सारखे विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी मी मोहल्ल्यातल्या मुलांना कुरआन शिकवते, आणि वर्ग सुटला की मुलं पळून जातात पण त्यांच्या आया थांबतात. दारात चपला घालता घालता एक प्रश्न निघतो, मग दुसरा, मग अर्धा तास जातो. उरलेले प्रश्न रात्री व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोटमध्ये येतात, बऱ्याचदा हळू आवाजात, कारण घरातले झोपलेले असतात. गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त वेळा जे विचारलं गेलं ते इथे एकत्र लिहिलंय. मी आलिमा (धर्मशास्त्र रीतसर शिकलेली बाई) नाहीये, जे शिकले, वाचलं, मोठ्यांकडून ऐकलं ते सांगते, तलाक-वारसा असल्या मसल्यांसाठी (धर्मनियमांच्या प्रश्नांसाठी) कृपया आलिमकडेच जा. पण इमान म्हणजे श्रद्धा आणि अल्लाहवरचं प्रेम, हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

१. इमानाची खूण प्रेम आहे हे कुठे लिहिलंय? आम्हाला तर कलमा, नमाज, रोजा, जकात, हज एवढंच शिकवलं.

कुरआनातच आहे. सूरह (अध्याय) बकराची १६५ वी आयत (वचन) काढून बघा. तिथे आधी अशा लोकांबद्दल सांगितलंय जे अल्लाहच्या बरोबरीला दुसरं कोणीतरी उभं करतात आणि त्यांच्यावर अल्लाहवर करावं तसं प्रेम करतात, आणि लगेच पुढे म्हटलंय की जे इमानवाले आहेत त्यांचं अल्लाहवरचं प्रेम याहून कितीतरी जास्त असतं. इमानवाला कसा ओळखायचा हे सांगताना त्या जागी प्रेमाचाच शब्द आलाय.

हदीस म्हणजे पैगंबर मुहम्मद (स., त्यांच्यावर शांती असो) यांची वचनं आणि प्रसंग. बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही मोठ्या संग्रहांत त्यांचे सोबती हजरत अनस यांची हदीस आहे की तीन गोष्टी ज्याच्यात असतील त्याला इमानाची गोडी लागते. अल्लाह आणि त्याचा रसूल (पैगंबर) त्याला बाकी सगळ्यांपेक्षा प्रिय असणं, एखाद्या माणसावर फक्त अल्लाहसाठी प्रेम करणं, आणि कुफ्रात (अल्लाहला नाकारण्यात) परत जाणं आगीत फेकलं जाण्याइतकं नकोसं वाटणं. गोडी हा शब्द पैगंबरांचा (स.) आहे, माझा नाही. गोडी चाखल्याशिवाय कळत नाही, कोणी कितीही वर्णन करू दे.

आणि सूरह हुजुरातमध्ये (आयत १४) काही बद्दू अरब येऊन म्हणतात आम्ही इमान आणलं, तर त्यांना उत्तर मिळतं की असं म्हणू नका, आम्ही शरण आलो एवढंच म्हणा, इमान अजून तुमच्या मनात शिरलेलं नाहीये. तुम्हाला शिकवलेल्या पाच गोष्टी अगदी बरोबर आहेत, त्यांचं आणि प्रेमाचं नातं काय ते प्रश्न ६ मध्ये आहे.

२. पण अल्लाहची तर भीती वाटली पाहिजे ना? लहानपणी तेच सांगितलं, हे करू नको अल्लाह शिक्षा करेल, ते करू नको जहन्नममध्ये जाशील.

मलाही तेच सांगितलं होतं. मोठ्यांचा हेतू वाईट नसतो, मूल गॅसजवळ गेलं की आपण ओरडतोच. पण मूल पंचवीस वर्षांचं झालं तरी त्याला आईबद्दल फक्त तिचं ओरडणंच आठवत असेल तर काहीतरी राहून गेलंय.

चौदाव्या शतकात दमास्कसमध्ये होऊन गेलेले इब्न कय्यिम यांनी याची छान उपमा दिलीये. अल्लाहकडे निघालेलं मन पक्ष्यासारखं असतं, प्रेम हे त्याचं डोकं, भीती आणि आशा हे दोन पंख. पंख गेले तर पक्षी कुठल्याही शिकाऱ्याच्या तावडीत सापडतो, डोकंच नसेल तर पक्षी मेला. म्हणजे भीती हवीच, तिच्याशिवाय उडता येणार नाही, पण नुसते पंख घेऊन बसलो तर त्याला पक्षी म्हणत नाहीत.

अल्लाहच्या नावांत एक नाव आहे अल-वदूद, खूप प्रेम करणारा. कुरआनात ते दोनदा आलंय, सूरह हूदमध्ये आणि सूरह बुरूजमध्ये. मुलांना मी हे नाव पहिल्या महिन्यातच शिकवते, शिक्षेच्या गोष्टी नंतर.

आणि ती कैद्यांमधल्या आईची हदीस, ती तर प्रत्येक घरात सांगितली पाहिजे. युद्धानंतर कैदी आणले होते, त्यात एक बाई वेड्यासारखी आपलं मूल शोधत होती, सापडलं तसं तिने त्याला छातीशी धरलं आणि पाजायला लागली. पैगंबरांनी (स.) सोबत्यांना विचारलं, ही आपल्या मुलाला आगीत टाकेल असं वाटतं का तुम्हाला? ते म्हणाले, नाही. मग ते म्हणाले, ही या मुलावर जेवढी दया करते त्याहून अल्लाह आपल्या बंद्यांवर जास्त दया करतो.

३. जो दिसत नाही, ज्याचं चित्र नाही, मूर्ती नाही, त्याच्यावर प्रेम करायचं म्हणजे नक्की काय करायचं?

हा प्रश्न तुमचा एकट्यांचा नाही, हजार वर्षांपूर्वी मोठमोठ्या आलिमांमध्ये यावर वाद होता. काही जण म्हणायचे की माणूस माणसावर प्रेम करू शकतो, कारण दोघं एका जातीचे आहेत, अल्लाहवर प्रेम म्हणजे फक्त त्याचं ऐकत राहणं, बाकी काही नाही. इमाम गजाली (१०५८ ते ११११) यांना हे पटलं नाही. त्यांच्या एह्याउल उलूम या मोठ्या ग्रंथात प्रेमावर एक अख्खं प्रकरण आहे, त्यात ते म्हणतात की आज्ञा पाळणं हे प्रेमातून येतं, ते म्हणजेच प्रेम असं कसं होईल, आधी प्रेम आणि मग ऐकणं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की आपण प्रेम कशावर करतो ते बघा. आपलं स्वतःचं असणं आपल्याला प्रिय असतं. आपल्यावर उपकार करणारा प्रिय असतो. ज्याने आपल्यासाठी काही केलं नाही पण जो चांगला आहे तोही प्रिय असतो, दूरच्या देशातल्या एखाद्या न्यायी राजाबद्दल ऐकलं तरी मन भरून येतं की नाही? सुंदर गोष्ट तर काही मिळत नसतानाही आवडते. आणि शेवटी काही मनांचं आपसात असं जुळतं की कारणच सांगता येत नाही. आता ही सगळी कारणं एकाच ठिकाणी एकवटली तर? ती जागा म्हणजे अल्लाह. आणि म्हणून ते म्हणतात की ओळख वाढेल तसं प्रेम वाढतं. न बघितलेल्या आजोबांवर आपण गोष्टी ऐकून ऐकून प्रेम करतोच की.

म्हणून सुरुवात करायची तर ओळखीपासून करा. नुसतं अरबी न वाचता रोज दोन आयतींचा मराठीत अर्थ वाचा, मराठीत कुरआनाचे अनुवाद सहज मिळतात. एक गोष्ट मला फार आवडते, अरबीत हुब्ब म्हणजे प्रेम आणि हब्ब म्हणजे दाणा, बियाणं, दोन्ही शब्दांची मूळ अक्षरं तीच. बी पेरल्या पेरल्या झाड दिसत नाही म्हणून कोणी माती उकरून बघत नाही.

४. माझं प्रेम खरं आहे की नुसतं तोंडाने म्हणते, हे कसं ओळखायचं?

दोन प्रेमांची टक्कर होते तेव्हा कळतं. एरवी सगळंच प्रिय असतं.

सूरह तौबाच्या २४ व्या आयतीत यादीच दिलीये, वडील, मुलगे, भाऊ, जोडीदार, नातलग, कमावलेला पैसा, मंदीची भीती वाटते तो धंदा, आवडती घरं, हे सगळं जर अल्लाह, त्याचा रसूल आणि त्याच्या वाटेवरची धडपड यांच्यापेक्षा जास्त प्रिय असेल तर थांबा आणि बघा काय होतं ते. धंद्यातल्या मंदीपर्यंत बारकाईने सांगितलंय. मापात पाप करायची संधी आली, शेजाऱ्याच्या जमिनीचा बांध चार इंच सरकवायची संधी आली, बहिणीचा हिस्सा तिला न देता सही घ्यायची संधी आली, तेव्हा मन कोणाकडे झुकतं ते ज्याचं त्याला बरोबर कळतं.

सूरह आले इमरानची ९२ वी आयत म्हणते की जे तुम्हाला आवडतं त्यातून खर्च केल्याशिवाय नेकी तुमच्या हाती लागणार नाही. ही आयत आली तेव्हा मदिनेत अबू तल्हा नावाचे अन्सारी (मदिनेचेच सोबती) होते, खजुरांच्या बागा सगळ्यात जास्त त्यांच्याकडे, आणि सगळ्यात लाडकी बाग बैरुहा, मशिदीच्या अगदी समोर. पैगंबर (स.) तिथे जाऊन तिथलं गोड पाणी प्यायचे. अबू तल्हा उठले आणि म्हणाले, मला सगळ्यात प्रिय बैरुहा आहे, ती अल्लाहसाठी दिली. पैगंबर (स.) खूश झाले आणि म्हणाले, हा तर फायद्याचा माल आहे, तुमच्या नातेवाइकांना द्या. मग त्यांनी ती आपल्या नातलगांत आणि चुलतभावांत वाटली.

ही गोष्ट मी पुस्तकात वाचायच्या आधी घरात बघितली होती, तेव्हा तिला काय म्हणतात ते माहीत नव्हतं. आमच्या दादीच्या परसात हापूसची दोनच कलमं होती. माळ्यावर गवताची अढी लावलेली असायची, आणि दादी रोज संध्याकाळी वर जाऊन एकेक आंबा हातात घेऊन देठाजवळ वास घ्यायची, दाबून बघायची नाही, नुसता वास. पहिले पिकलेले सहा आंबे बाजूला निघायचे. आम्ही नातवंडं खाली शिडीला धरून उभी. आणि ते सहा आंबे पदराने पुसून ती शेजारच्या काकूंकडे पाठवायची, ज्यांच्याकडे एकही झाड नव्हतं. घरात पहिले यायचे ते डागी, नाहीतर आत साका निघालेले. मी एकदा रडले होते, की आपल्याच झाडाचे चांगले आंबे दुसऱ्यांना का? दादी म्हणाली, अगं डागी आंबा अल्लाहच्या नावाने देऊ का मी? एवढंच. तिला ना ९२ वी आयत तोंडपाठ होती ना अबू तल्हांचं नाव माहीत होतं.

५. मग नवऱ्यावर, मुलांवर जास्त प्रेम करणं गुन्हा आहे का? मला माझा मुलगा जीव की प्राण आहे.

अजिबात नाही. आयतीत तुलनेचा शब्द आहे, जास्त प्रिय. प्रिय असू नये असं कुठेच म्हटलेलं नाही. अक्रा बिन हाबिस नावाचा एक सरदार पैगंबरांना (स.) नातू हसनचा मुका घेताना बघून म्हणाला, मला दहा मुलं आहेत, एकाचाही मी कधी मुका घेतला नाही. त्याला उत्तर मिळालं की जो दया करत नाही त्याच्यावर दया केली जात नाही. स्वतःचा तान्हा मुलगा इब्राहिम गेला तेव्हा पैगंबरांच्या (स.) डोळ्यांतून पाणी आलं, कोणीतरी आश्चर्याने विचारलं तुम्हीसुद्धा? तर ते म्हणाले ही दया आहे, डोळे रडतात, मन दुखतं, पण आम्ही तेच बोलतो जे आमच्या रबला (पालनकर्त्याला) आवडेल.

मुलगा जीव की प्राण असू दे. त्याच्यासाठी खोटी साक्ष द्यायची वेळ आली तर काय कराल, प्रश्न तेवढाच आहे.

६. मनात प्रेम आहे ना, मग नमाजची काय गरज? अल्लाह मन बघतो.

मन बघतोच. पण सूरह आले इमरानच्या ३१ व्या आयतीत पैगंबरांना (स.) सांगितलंय की लोकांना सांगा, तुमचं अल्लाहवर प्रेम असेल तर माझ्या मागून चला, अल्लाह तुमच्यावर प्रेम करेल आणि तुमचे गुन्हे माफ करेल. प्रेमाचा दावा कोणीही करू शकतं, म्हणून मागून चालायला सांगितलं. आणि आयतीचा शेवट बघा, आपण अल्लाहवर प्रेम करतो इथून सुरुवात होते आणि अल्लाह आपल्यावर प्रेम करतो इथे पोचते, मला तर दुसरा भाग जास्त मोठा वाटतो.

बुखारीत हदीसे कुदसी, म्हणजे पैगंबरांनी (स.) सांगितलेलं अल्लाहचं बोलणं, आहे की माझा बंदा ज्या गोष्टींनी माझ्या जवळ येतो त्यात मला सगळ्यात प्रिय ते जे मी फर्ज (सक्तीचं) केलंय, आणि मग तो नफलने (ऐच्छिक उपासनेने) जवळ येत राहतो, इतका की मी त्याच्यावर प्रेम करू लागतो. म्हणजे फर्ज नमाज सोडून रात्रभर कव्वाली ऐकून रडणं, यात क्रम उलटा झाला. कव्वालीला माझा विरोध नाहीये, क्रमाबद्दल बोलतेय.

थोडं पण रोज करा, कारण अल्लाहला सगळ्यात प्रिय ते काम जे नेमाने होतं, भले छोटं असो, हीसुद्धा हदीसच आहे. आता जो नमाज पढत नाही किंवा गुन्ह्यात अडकलाय त्याच्यात प्रेम असूच शकत नाही का? इथे घाई करू नका, प्रश्न १३ वाचा.

७. नमाजमध्ये मला काहीच वाटत नाही. डोक्यात कुकरच्या शिट्ट्या आणि मुलाची फी. माझं इमान खोटं आहे का?

व्हॉइस नोटमध्ये रडत विचारलेला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो.

मुस्लिममध्ये हंजला यांचा किस्सा आहे, ते पैगंबरांच्या (स.) जवळचे, त्यांच्यासाठी लिहिणारे सहाबी (सोबती). रस्त्यात पैगंबरांचे (स.) सगळ्यात जिवलग सोबती अबू बकर भेटले, विचारलं काय हंजला कसे आहात, तर हे म्हणाले हंजला मुनाफिक (वरवर इमान दाखवणारा ढोंगी) झाला! का? तर म्हणे पैगंबरांसमोर (स.) बसलो की जन्नत-जहन्नम (स्वर्ग-नरक) डोळ्यांनी दिसल्यासारखं वाटतं, आणि घरी गेलो, बायको-मुलं-शेतीभाती सुरू झाली की बरंचसं विसरतो. अबू बकर म्हणाले, अहो माझंही असंच होतं. अबू बकर! दोघं मिळून पैगंबरांकडे (स.) गेले. त्यांनी सांगितलं की माझ्याजवळ असता तसेच कायम राहिलात तर फरिश्ते तुमच्या अंथरुणात आणि रस्त्यात येऊन तुमच्याशी हात मिळवतील, पण हंजला, एक वेळ अशी आणि एक वेळ तशी. तीनदा म्हणाले.

तर कुकरच्या शिट्टीमुळे कोणी मुनाफिक होत नाही. ज्याला इमानाची काही पडलेली नसते त्याला हा प्रश्न पडून रात्री झोप उडत नाही. आणि दुसरं, भावना ही समुद्रासारखी असते, भरती-ओहोटी होणारच, ओहोटीला खाजणात चिखल दिसतो म्हणून समुद्र आटला असं कोकणातलं लहान पोरही म्हणणार नाही. वाटत नसतानाही तुम्ही जानमाज (नमाजची चटई) अंथरली, उभ्या राहिलात, मला विचाराल तर त्यात प्रेम जास्त आहे, कारण त्या दिवशी गोडी नव्हती तरी तुम्ही आलात.

काही साधे उपाय. वुझू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) सावकाश करा. सूरह फातिहाच्या प्रत्येक आयतीनंतर एक श्वास थांबा. सजद्यात (कपाळ जमिनीला टेकलेलं असताना) एक वाक्य आपल्या भाषेत, मनातल्या मनात बोला, मराठीत बोला, अल्लाहला मराठी येते. (नमाजच्या आत मोठ्याने दुसऱ्या भाषेत दुआ करण्याबद्दल मजहबांत, म्हणजे धर्मनियमांच्या वेगवेगळ्या परंपरांत, मतभेद आहेत, म्हणून मनातल्या मनात म्हटलं.)

८. जन्नत मिळावी म्हणून इबादत (उपासना) केली तर ते प्रेम की स्वार्थ?

बसऱ्याच्या सूफी संत राबिया, आठव्या शतकातल्या, त्यांची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते, एका हातात आग आणि एका हातात पाणी घेऊन निघाल्या, की जन्नत जाळते आणि जहन्नम विझवते म्हणजे लोक फक्त अल्लाहसाठी अल्लाहची इबादत करतील. ही गोष्ट नंतरच्या लोकांनी त्यांच्या नावाने सांगितलेली आहे, पण तिच्यातली तळमळ खरी आहे, आणि मला ती फार प्रिय आहे.

तरी ती गोष्ट ऐकून स्वतःला कमी समजू नका. एक साधा माणूस पैगंबरांना (स.) म्हणाला होता, मी फक्त जन्नत मागतो आणि आगीपासून बचाव मागतो, तुम्ही आणि मुआज (एक सहाबी) जे काय पुटपुटता ते मला जमत नाही. ते म्हणाले, आम्हीही त्याच्याच आजूबाजूला पुटपुटतो. देणाऱ्याकडे मागणं हेही नातंच आहे, आपण परक्याकडे हट्ट करत नाही. आणि जन्नतमधलं सगळ्यात मोठं काय, तर अल्लाहचं दर्शन, मग जन्नत मागणारा नेमकं काय मागतोय?

९. पैगंबरांवरचं (स.) प्रेम आणि अल्लाहवरचं प्रेम, कुठलं जास्त?

पैगंबरांचे (स.) सोबती हजरत उमर एकदा त्यांना म्हणाले, या रसूलुल्लाह (हे अल्लाहच्या पैगंबरा), मला तुम्ही माझा जीव सोडून बाकी सगळ्यांपेक्षा प्रिय आहात. उत्तर मिळालं, नाही उमर, स्वतःच्या जिवापेक्षाही. मग उमर म्हणाले, आता जिवापेक्षाही. तर पैगंबर (स.) म्हणाले, आता झालं उमर. या हदीसमधलं मला भावतं ते उमरांचं आधीचं खरं बोलणं, मोठेपणासाठी खोटं नाही बोलले ते.

पण हे प्रेम अल्लाहच्या प्रेमातून येतं आणि त्याच्याकडेच जातं. ६३२ साली पैगंबर (स.) गेले तेव्हा हेच उमर मानायलाच तयार नव्हते, आणि अबू बकर, ज्यांच्याइतका जिवलग कोणी नव्हता, त्यांनी चेहऱ्यावरची चादर सारून कपाळाचा मुका घेतला, बाहेर आले आणि लोकांना सांगितलं, जो मुहम्मदची इबादत करत होता त्याने समजून घ्यावं मुहम्मद गेले, आणि जो अल्लाहची इबादत करतो, अल्लाह जिवंत आहे, त्याला मरण नाही. कोणतं प्रेम कुठे ठेवायचं ते त्या एका सकाळी दिसलं.

१०. हे आमच्या वारकरी भक्तीसारखंच वाटतं. फरक काय?

हा प्रश्न हिंदू मैत्रिणी विचारतात आणि मला आवडतो. तळमळ सारखी वाटते, हे मी मोकळेपणाने मान्य करते, पहाटे अंगण झाडताना ओवी म्हणणारी बाई आणि पहाटे तस्बीह (जपमाळ) ओढणारी माझी दादी यांच्या आवाजात मला फार फरक कधी जाणवला नाही. फरक आहे तो कोणावर प्रेम करायचं याच्या कल्पनेत. इस्लाममध्ये अल्लाहला रूप नाही, अवतार नाही, भागीदार नाही, आणि बंदा कितीही जवळ गेला तरी बंदाच राहतो. दोन्हीचं एक मिश्रण करून सांगणं मला बरोबर वाटत नाही, त्यात दोघांचाही मान राहत नाही. पण भाषा आपली एकच आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान घरात जन्मले आणि मराठीत लिहून संतांच्या मालिकेत बसले. चौदाव्या शतकात खुलताबादला आलेल्या बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्यासारख्या चिश्ती परंपरेतल्या सूफींनी प्रेमाचीच शिकवण दख्खनमध्ये रुजवली.

इश्क हा शब्द अल्लाहसाठी वापरावा का असंही विचारतात. कुरआनात हुब्ब आहे, इश्क नाही, म्हणून बऱ्याच आलिमांना तो नको वाटतो, सूफींनी भरभरून वापरला. मी मुहब्बत म्हणते.

११. एकामागून एक संकटं येतायत. अल्लाहचं माझ्यावर प्रेम नाहीये का?

संकट हे नावडतेपणाचं लक्षण असतं तर अयूब अलैहिस्सलाम या पैगंबरांना आजारपण आलं नसतं, आणि पैगंबरांनी (स.) आपल्या हाताने मुलं पुरली नसती, एक फातिमा सोडून त्यांची सगळी मुलं त्यांच्याआधी गेली. तिर्मिझीत हदीस आहे की अल्लाह ज्या लोकांवर प्रेम करतो त्यांना आजमावतो.

पण एक सांगू? दुसऱ्यावर संकट आलंय तेव्हा ही हदीस त्याच्या तोंडावर मारू नका. आधी डबा घेऊन जा, हॉस्पिटलमध्ये रात्री थांबा. हदीस त्याला त्याची सापडेल.

१२. माझ्या जवळच्या मैत्रिणी मुसलमान नाहीत. अल्लाहसाठी प्रेम म्हणजे त्यांना तोडायचं का?

नाही. सूरह मुम्तहिनाची ८ वी आयत स्पष्ट आहे की जे धर्मावरून तुमच्याशी लढले नाहीत, ज्यांनी तुम्हाला घराबाहेर काढलं नाही, त्यांच्याशी चांगुलपणाने आणि न्यायाने वागायला अल्लाह मना करत नाही, उलट न्यायाने वागणारे त्याला आवडतात. अबू बकरांची मुलगी अस्मा, तिची आई मुश्रिक (अल्लाहला भागीदार मानणारी) होती, ती भेटायला आली तेव्हा अस्माने विचारलं नातं ठेवू का, तर पैगंबर (स.) म्हणाले हो, आईशी नातं ठेव. आणि प्रश्न ४ मधल्या आंब्यांच्या काकू हिंदूच होत्या.

१३. माझा भाऊ दारू पितो, सोडतो, परत पितो. पण अजान झाली की टीव्ही बंद करतो, अल्लाहचं नाव घेतलं की रडतो. घरचे म्हणतात हे सगळं नाटक आहे. खरं काय?

बुखारीत एका माणसाची हदीस आहे, नाव अब्दुल्लाह, लोक त्याला हिमार म्हणजे गाढव म्हणायचे, तो पैगंबरांना (स.) हसवायचा. दारू प्यायला म्हणून त्याला आणलं गेलं, शिक्षा झाली. परत आणलं गेलं. एकदा असाच आणला, फटके पडले, तेव्हा गर्दीतला एक जण म्हणाला, अल्लाह याच्यावर लानत (शाप) कर, किती वेळा आणतात याला! पैगंबर (स.) म्हणाले, त्याच्यावर लानत करू नका, अल्लाहची शपथ, मला एवढंच माहितीये की तो अल्लाहवर आणि त्याच्या रसूलवर प्रेम करतो.

ही हदीस मी किती वेळा वाचली असेल, दरवेळी थांबते. बघा, शिक्षा माफ झाली नाही. दारू चालते असं कोणी म्हटलं नाही. पण सतत तोच गुन्हा करणाऱ्या माणसाच्या मनात प्रेम आहे याची साक्ष खुद्द पैगंबरांनी (स.) दिली, आणि ती शपथेवर दिली. म्हणजे गुन्हा आणि प्रेम एका मनात राहू शकतात. गुन्ह्यामुळे प्रेम दुबळं होतं, त्याला इजा होते, पण ते संपलं असं आपण जाहीर करू शकत नाही. अशाच दुसऱ्या प्रसंगी त्यांनी सांगितलं की आपल्या भावाविरुद्ध शैतानाला मदत करू नका.

तेव्हा भावाला व्यसनमुक्तीच्या डॉक्टरकडे न्या, हातात पैसे देऊ नका, घरात बाटली येऊ देऊ नका, या सगळ्यात कडक राहा. आणि तो रडतो ते नाटक आहे असं त्याला कधीही म्हणू नका. त्याला परत आणणारी एकच दोरी त्याच्या हातात उरली असेल, ती तुम्ही कापाल.

उलट भावाने ही हदीस ढाल म्हणून वापरली, की बघा मीही त्यातलाच, तर त्याला प्रश्न ६ दाखवा.

१४. मग समोरच्याचं इमान खरं की खोटं हे ओळखायची काही खूण?

आपल्यासाठी नाही. उसामा या सोबत्याने लढाईत कलमा म्हणणाऱ्या माणसाला मारलं, म्हणाले तो भीतीने म्हणाला, तर पैगंबरांनी (स.) विचारलं, तू त्याचं मन फाडून बघितलंस का? या पानावरच्या सगळ्या खुणा स्वतःला लावायच्या आहेत.

१५. आईला विसरण्याचा आजार झालाय. आयुष्यभर एक नमाज चुकवली नाही, आता वुझू कसा करायचा हेही आठवत नाही. तिच्या इमानाचं काय?

मसला आधी सांगते म्हणजे जीव शांत होईल. हदीस आहे की तिघांवरून कलम (कर्मं लिहिणारी लेखणी) उचललं गेलंय, झोपलेला जागा होईपर्यंत, मूल मोठं होईपर्यंत, आणि ज्याची अक्कल गेली तो शुद्धीवर येईपर्यंत. तिच्यावर आता नमाजचा बोजाच नाहीये. आणि बुखारीत दुसरी हदीस आहे की बंदा आजारी पडतो किंवा सफरीत असतो तेव्हा तो धडधाकट आणि घरी असताना जे करायचा तेच त्याच्या नावावर लिहिलं जातं. तुमच्या आईने आयुष्यभर ज्या नमाजा पढल्या त्या आजही लिहिल्या जातायत अशी मी तरी आशा धरते. तिला जबरदस्तीने उभं करू नका, चुकली म्हणून टोकू नका. तुम्ही शेजारी बसून हळू आवाजात सूरह पढा, बस.

आमच्या दादीची शेवटची तीन वर्षं अशीच गेली. मला ती माझ्या आईचं नाव घेऊन हाक मारायची. रकात (नमाजच्या फेऱ्या) दोन झाल्या की चार, कळायचं नाही, मग नुसतीच जानमाजवर बसून राहायची, हातात तस्बीह, मणी पुढे सरकायचे नाहीत. शेवटच्या मे महिन्यात वडिलांनी अढीतला पहिला आंबा तिच्या हातात दिला. तिने तो देठाजवळ नेला, वास घेतला, बराच वेळ. मग पदराने पुसला आणि माझ्या हातात ठेवून म्हणाली, जा, शेजारी देऊन ये.